शिरा हिरव्या, पान पिवळं

मिरजगाव, २२ जून २०२५

वन्सं,

फोनवर तुम्ही ओरडता आणि मी नुसती ‘हं, हं’ करते. निम्मं कळत नाही ते तुम्हालाही माहीत आहे. कान गेले असले तरी डोळे धड आहेत, म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नका, तुमच्या शाळेत मी नव्हते.

तुमच्या भावाची लिंबोणी पिवळी पडली आहे. मला झोप लागत नाही.

गेल्या कार्तिकात सावडायच्या दिवशी तुम्ही राख प्रवरासंगमाला सोडायचा आग्रह धरला होता. थोरले भाऊजीही तुमच्या बाजूनं होते. हल्ली गावात बरीच घरं राख नदीला न नेता शेतातच खड्डा घेऊन त्यात घालतात आणि वर झाड लावतात. मीही तोच हट्ट धरला. हट्ट माझा नव्हता, त्यांचा होता. दवाखान्यातून आणलं तेव्हा म्हणाले होते, “मला कुठं न्हेऊ नगं. बांधाच्या कोपऱ्यात टाक. तू पानी धरताना दिसशील.” हे मी एकटीनंच ऐकलं, तेव्हा माझे कान बरे होते. पण बायकोच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?

आता झाड असं झाल्यावर सगळ्यांना बोलायला जागा मिळेल. म्हणून हे तुमच्यापाशीच ठेवा. फोटो काढायला भाऊजींच्या पोरांना सांगू नका, माझ्याकडं बटणांचाच मोबाईल आहे. सोबत झाडाची दोन पानं पाठवते. तुम्ही शिकलेल्या आहात, शहरात राहता, कुणाला तरी दाखवा. कार्तिकात वर्षश्राद्धाला सगळी भावकी बांधावर येणार, तोवर झाड हिरवं पाहिजे. एवढंच मागणं आहे.

चांगुणा

सावेडी, ३० जून २०२५

चांगुणावहिनी,

पत्र मिळालं. पानं वाटेत चुरगळली होती, पण पिवळी आहेत हे दिसलं. अक्षर माझ्या निम्म्या विद्यार्थिनींपेक्षा बरं आहे, तेव्हा लिहीत जा.

तुम्ही झोप कशाला घालवता? झाड आहे ते, त्याला काहीतरी कमी पडत असणार. सकाळी आम्ही चार जणी फिरायला जातो, तिथं पानं दाखवली. एक म्हणाली पाणी कमी, दुसरी म्हणाली पाणी जास्त, तिसरीनं तिच्या गच्चीतल्या मोगऱ्याचं सगळं चरित्र सांगितलं. मग घरी येऊन मोबाईलवर वाचत बसले. पान सबंध पिवळं, शिरांसकट पिवळं असेल तर नत्र कमी, असं तिथं होतं. तुमची दोन्ही पानं तशीच आहेत. तेव्हा थोडा युरिया द्या, बुंध्यापासून लांब. आणि पाणी रोज घाला. तुम्ही कामाच्या नादात विसरत असाल, मला तुमचा स्वभाव माहीत आहे.

नदीचा विषय मी काढणार नव्हते, तुम्हीच काढलात. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. आईबाबांना जिथं सोडलं तिथं भाऊ जावा, एवढीच माझी इच्छा होती. पण झालं ते झालं. भाऊ त्या झाडापाशी आहे असं तुम्ही म्हणता, तर ते झाड जगलं पाहिजे, हे मलाही कळतं.

तुमची,
सविता

मिरजगाव, १९ जुलै २०२५

वन्सं,

पाणी मी विसरत नाही. सकाळ-संध्याकाळ बादली घालते आणि घालताना त्यांच्याशी बोलते. त्यांच्याशी बोलताना कानांची अडचण येत नाही. जिवंत होते तेव्हाही उत्तर क्वचितच द्यायचे. आता तुम्ही सांगितलंत म्हणून दुपारचीही एक बादली वाढवली. युरिया दिला.

काही फरक नाही. उलट शेंडा जास्तच पिवळा झालाय, हळद लावल्यासारखा.

मग गावातल्या औषधांच्या दुकानात गेले. झाड न बघताच त्यानं सांगितलं की सगळंच कमी पडतंय, आणि तीन बाटल्या हातात दिल्या. तिन्हींवर हिरवंगार झाड छापलंय. कुठली आधी, कुठली नंतर, हे विचारलं तर म्हणाला कशीही मारा. मी एकही मारली नाही, भीती वाटली.

शेजारच्या बनुबाईनं नजर लागल्याचं सांगितलं. तिच्या समाधानासाठी झाडाला लिंबू-मिरची बांधली. लिंबोणीला लिंबू बांधायचं, तेही बाजारातून विकत आणून! हे असते तर हसून हसून खोकला लागला असता. मला मात्र बांधताना रडू आलं. काय करावं ते सुचत नाही, म्हणून जो जे सांगेल ते करते आहे.

तुम्ही मोबाईलमध्ये नीट बघा. हे नत्र नसावं.

चांगुणा

सावेडी, २८ जुलै २०२५

वहिनी,

थांबा, माझाच गोंधळ उडाला. शेंडा पिवळा म्हणता? मग तुम्ही मला पाठवलीत ती पानं कुठली होती? मी समजत होते शेंड्याचीच असतील.

पुन्हा वाचलं. जुनी पानं पिवळी पडण्याचा अर्थ एक आणि नवी पालवी पिवळी येण्याचा अर्थ दुसराच, असं दिसतंय. मी खालच्या पानांवरून वरच्याला औषध दिलं की काय, देव जाणे. युरिया थांबवा. दुकानदाराच्या बाटल्या उघडू नका.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर कल्याणराव राहतात, शेती खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना दाखवायचं म्हणते. पण त्यासाठी वरचं, कोवळं पान हवं. वहीत दाबून पाठवा म्हणजे चुरगळणार नाही.

तुमची,
सविता

मिरजगाव, १० ऑगस्ट २०२५

वन्सं,

ती खालचीच पानं होती. आपोआप गळून आळ्यात पडलेली. वरचं कोवळं मी कसं तोडू? तुम्ही तोडलं असतं का? सावडल्यावर हातानं राख घातली, हातानं रोप लावलं. आता त्यालाच नख लावायचं, हे माझ्याच्यानं होईना. तुमचं पत्र आल्यावर रोज झाडापाशी जायचे आणि परत यायचे. शेवटी काल त्यांची माफी मागून एक पान खुडलं. ते सोबत आहे. निदान आता तरी नीट बघा.

दुसरी गोष्ट वाईट आहे. थोरल्या भाऊजींनी झाड बघितलं. त्यांचं रान बांधाला लागूनच आहे, किती दिवस लपणार? दोन पानं उलटून पाहिली. मग मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, “चांगुणा, त्याचा जीव हितं लागंना. ह्ये झाड सांगतंय. वर्षश्राद्धाच्या आधी समदी माती गोनीत भरू आन् नदीला सोडू.” रागानं नाही बोलले, डोळ्यांत पाणी होतं. त्यामुळं मला भांडताही आलं नाही.

रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. त्यांना खरंच इथं करमत नाही का? मी चुकीचं ऐकलं असेल का तेव्हा? आजारी माणूस काहीही बोलतो. मी बाईमाणूस, मला ते जवळ हवे होते, म्हणून तेवढंच धरून बसले असेन. वन्सं, पानाचं निदान तुम्ही करा, या गोष्टीचं कुणाला विचारू?

चांगुणा

सावेडी, २४ ऑगस्ट २०२५

चांगुणावहिनी,

पान छान आलं, जसंच्या तसं. कल्याणरावांना दाखवलं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे असं ते म्हणाले. रोग नाही, कीड नाही, नजर तर नाहीच. लिंबू-मिरची काढून टाका.

पाणी कमी करा. तुम्ही फारच घालता, मुळांना हवा मिळत नाही. दिवसाआडसुद्धा नको, माती वरून वाळली की मग घाला. आणि हिराकस म्हणून लोहाचा क्षार मिळतो, तो पाण्यात अगदी थोडा विरघळवून, त्यात लिंबाचा रस पिळून पानांवर फवारा. प्रमाण वेगळ्या चिठ्ठीवर त्यांच्याच हातचं पाठवते.

थोरल्या दादांचं मनावर घेऊ नका. मी त्यांच्याशी बोलेन. तुम्ही जे ऐकलंत ते बरोबरच ऐकलंत. भाऊ तसंच बोलायचा.

तब्येतीला जपा. रात्री जागू नका.

तुमची,
सविता

मिरजगाव, २ ऑक्टोबर २०२५

वन्सं,

हिराकस फवारला. आठवड्याभरात पानांवर हिरवे ठिपके आले, मग ठिपके पसरले. मी इतकी खूश झाले की बनुबाईला बांधावर ओढत नेऊन दाखवलं. पण त्यानंतर जी नवी पालवी फुटली ती पुन्हा पिवळीच, या खेपेला जवळजवळ पांढरी. पुन्हा फवारलं की फवारलेली पानं सुधारतात आणि नवी तशीच येतात. पाणी कमी केलंय. म्हणजे दुखणं खालीच कुठंतरी आहे.

तुमचं मागचं पत्र मी तीनचारदा वाचलं. त्यात एकही टोमणा नव्हता. तुम्ही मला तब्येतीला जपा म्हणालात. तीस वर्षांत तुम्ही असं कधी बोलला नाहीत. वन्सं, तुम्ही काहीतरी लपवताय. कल्याणरावांनी आणखी काय सांगितलं? लोह कमी का पडलं? माती तीच, पाणी तेच, पलीकडं बनुबाईची लिंबोणी हिरवीगार आहे.

मी तर काही कमी केलं नाही. शेणखत घातलं. दर सोमवारी चुलीतली राख आळ्यात घालते. सोमवारी गेले ना ते. आणि त्यांची सवयच होती, वांग्याला, घेवड्याला राख टाकायचे, म्हणजे मावा पडत नाही. त्यांच्या जागेवर त्यांच्याच हातचं काहीतरी चालू राहावं असं वाटतं.

भाऊजींनी गोणी आणून ठेवली आहे. दिवाळी झाली की नदीला जायचं म्हणतात. तुम्ही बोलणार होतात त्यांच्याशी. बोललात का? खरं काय ते लिहा. मी लहान नाही.

चांगुणा

सावेडी, १२ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

टोमणा नाही म्हणून चोरी पकडणारी नणंद-भावजयीची जोडी आपलीच असेल. लपवलं, हे खरं आहे. थोरल्या दादांशीही बोलले नाही. काय बोलावं ते मलाच ठरवता येईना.

कल्याणरावांनी पान बघितल्याबरोबर विचारलं होतं, “खड्ड्यात काय घातलं होतं?” मी म्हटलं, शेणखत. ते म्हणाले, मग राख किंवा चुना पडला असणार. तुमच्याकडची जमीन आधीच चुनखडीची. त्यात राख पडली की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. झाडासमोर ताट वाढलेलं असतं आणि त्याला घास घेता येत नाही, असं म्हणाले. मूठभर राखेनं काही होत नाही, एका खड्ड्यात ढीगभर असेल तर हे असंच व्हायचं.

वहिनी, मी जिन्यातच बसून राहिले. हे तुम्हाला कसं लिहू? झाड ज्याच्यासाठी लावलं त्याच्याच राखेनं ते पिवळं पडतंय, हे? आणि लिहिणार कोण, तर मी, जिनं नदीचा हट्ट धरला होता. तुम्ही म्हणाला असतात, सविताला संधी मिळाली. खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं की बघा, मी सांगत होते. मग त्याची इतकी लाज वाटली की नुसतं हिराकसावर भागवलं. आणि आता तुम्ही लिहिता की दर सोमवारी आणखी राख घालता.

उपाय दोनच आहेत. झाड मुळाशी मातीचा गोळा ठेवून उचलायचं आणि दुसरीकडं लावायचं. नाहीतर खड्ड्यातली राखेची माती काढून त्यात तांबडी माती आणि शेणखत भरायचं. दोन्हींत झाड आणि भाऊ वेगळे होणार. ते करायचं की थोरल्या दादांचं ऐकायचं, मी सांगू शकत नाही. माझं मन अजून नदीकडं ओढतं, म्हणून माझा सल्ला धरू नका. इतकी वर्षं वर्गात पोरींना उत्तरं सांगितली, हे एक मला येत नाही.

त्याचा जीव तिथं लागत नाही असं मात्र समजू नका. झाडाला राख सोसली नाही, एवढंच घडलंय. तुम्ही बरोबर ऐकलं होतं.

तुमची,
सविता

मिरजगाव, ८ नोव्हेंबर २०२५

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. दिवाळी नव्हतीच यंदा आपल्या घरात, पण कामं होती.

तुमचं पत्र वाचून मी आधी चुलीपुढं बसले. सोमवार होता आणि राखेचं घमेलं भरून ठेवलेलं होतं. तुमच्यावर राग आला, मग माझ्यावर आला, मग त्यांच्यावरही आला. मरून वर्ष होत आलं तरी घोळ घालायचा सोडला नाही या माणसानं. दोन दिवस मी झाडाकडं गेलेच नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना तुमचं एक वाक्य डोक्यात आलं, मूठभर राखेनं काही होत नाही. ढीग एका जागी पडला म्हणून झाडाला जड गेला. मी शेतकऱ्याची बायको, एवढी साधी गोष्ट मला सुचू नये? वन्सं, हे एका जागी कधी बसले होते का? जेवायला बसले तरी अर्ध्या भाकरीवर उठून मोटार बघायला जायचे. त्यांना मी खड्ड्यात दाबून ठेवलं, वरून पाणी ओतलं आणि आणखी राख घातली.

मग मी कुणाला विचारलं नाही. बनुबाईला हाताशी घेतलं. लिंबोणी गोळ्यासकट उचलून सावलीत ओल्या पोत्यात ठेवली. खड्ड्यातली करडी माती घमेल्यानं काढली. ज्वारी गुडघ्याला आलीय, कोळपणी व्हायची होती. ओळींमधून चालत मूठमूठ माती सगळ्या रानात टाकली. ज्वारीला एवढ्यानं काही होत नाही. बनुबाई म्हणाली, मी मूठ टाकू का? मी म्हटलं, नको, तू घमेलं भरून दे. वरचं सगळं रान, विहिरीपर्यंत, आंब्यापर्यंत. जिथं ते नांगर धरायचे तिथं जरा जास्त पडली असेल. खड्ड्यात तांबडी माती भरून लिंबोणी परत लावली. निम्मी पानं गळाली आहेत. जगेल का, माहीत नाही. मेली तर मला वाईट वाटेल, पण लिंबोणी मेली एवढंच वाटेल.

दुसऱ्या दिवशी भाऊजी गोणी घेऊन आले. खड्डा बघितला. माती कुठं आहे विचारलं. मी रानाकडं हात केला. म्हणाले, “कुठल्या अंगाला?” मी म्हटलं, “समद्या.” वन्सं, मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी टोपी काढली, नमस्कार करायला हात जोडले, आणि कुठं तोंड करावं ते कळेना म्हणून आधी विहिरीकडं वळले, मग आंब्याकडं. शेवटी चपला बांधावर काढल्या आणि ज्वारीतून अनवाणी पार पलीकडं गेले आणि परत आले. गोणी घरी घेऊन गेले. वर्षश्राद्ध बांधावरच करायचं म्हणतात.

तुम्ही नदीचं म्हणाला होतात. ते काही झालं नाही. तुम्हाला दुखवलं असेल तर या आणि भांडा, माझ्या डाव्या कानाशी भांडा, तो जरा बरा आहे.

एक अडचण मात्र झाली आहे. आधी मी झाडाकडं तोंड करून बोलायचे. आता बोलायचं कुणीकडं? काल खुरपणीच्या बायका रानात होत्या आणि माझी बडबड चालू होती. एकीनं जवळ येऊन मोठ्यानं विचारलं, “चांगुणाबाई, कुनासंगं बोलताय?” मी म्हटलं, “मालकासंगं.” तिनं चहूकडं पाहिलं आणि म्हणाली, “कुठं हायती?” मीही तिच्याबरोबर चहूकडं पाहिलं. सगळीकडं ज्वारीच होती. मला हसू आलं, वन्सं. ते गेल्यापासून पहिल्यांदा मी खळखळून हसले.

चांगुणा